धामण : रंग अनेक, ओळख एक
(परिसर अभ्यास – इयत्ता सहावी ते दहावी. पालकांनीही अवश्य वाचावे.)

श्रावण आला की आपल्या घरी पाटावर गंधाने नाग काढतात, त्याला दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवतात. उज्जैनला महाकाल मंदिराच्या वरच्या मजल्यावरील नागचंद्रेश्वराचे दार वर्षातून एकदाच, नागपंचमीला उघडते आणि दर्शनासाठी मैलभर रांग लागते. याच दिवसांत पावसाने बिळे भरतात, साप बाहेर पडतात आणि ज्यांनी सकाळी पूजा केली तेच संध्याकाळी काठी शोधू लागतात. पूजा एका दिवसाची आणि काठी वर्षभराची, असे का होते? मला तरी त्याचे कारण एकच दिसते. आपल्याला साप ओळखता येत नाहीत.

सगळे साप एका लेखात ओळखायला शिकणे शक्य नाही. म्हणून या अंकात एकाच सापाचा नीट अभ्यास करू. तो आपल्या इंदूरच्या वस्त्यांत, शेतांत, बागांत सर्रास आढळतो, उत्तम झाडावर चढतो, पूर्णपणे बिनविषारी आहे आणि तरीही नाग समजून सर्वांत जास्त मारला जातो. तो साप म्हणजे धामण.

आपले पत्रक एकाच रंगाच्या शाईत छापले जाते, त्यामुळे रंगीत चित्र देता येत नाही. पण या पाठापुरते ते बरेच आहे. का, ते पुढे कळेल.

नाव काय सांगते?

मराठीत धामण, हिंदीत धामन. माळव्यातील खेड्यांत याच सापाला ‘घोडा-पछाड’ म्हणतात, म्हणजे घोड्यालाही मागे टाकणारा. साप घोड्याइतका धावत नाही हे खरे, पण धामण फार चपळ असते, म्हणून हे नाव पडले. धामण नावाचे एक झाडही आहे, त्याची आणि या सापाची गल्लत करू नका.

शास्त्रीय नाव टायस म्युकोसा. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली या सापाची नोंद केली. जुन्या पुस्तकांत ‘टायस म्युकोसस’ असे छापलेले सापडेल. टायस हा शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगी आहे असे २००४ साली दाखवून देण्यात आले आणि विशेषणही स्त्रीलिंगी झाले. व्याकरण फक्त भाषेच्या तासाला लागते असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे!

एक प्रश्न, तीन उत्तरे

आठवीच्या वर्गात मी विचारले, “धामण कोणत्या रंगाची असते?” एक मुलगा म्हणाला, “पिवळी.” दुसरी मुलगी म्हणाली, “नाही सर, मातकट तपकिरी. आमच्या काकांच्या शेतात पाहिली आहे.” तिसऱ्याने सांगितले, “काळी पण असते, पण ती धामण नसते, ती नागीण असते.” पहिली दोन्ही उत्तरे बरोबर होती. तिसरे अर्धे बरोबर होते आणि त्यातली चुकीची अर्धी बाजूच घातक आहे.

धामणीचे मुख्य रंग असे :

(१) पिवळी – फिकट गवती पिवळ्यापासून हळदीसारख्या गडद पिवळ्यापर्यंत.
(२) तपकिरी – वाळलेल्या पानासारखी किंवा मातकट.
(३) शेवाळी – हिरवट झाक असलेली करडी.
(४) राखाडी – सिमेंटच्या रंगाची.
(५) काळसर – गडद करड्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत.

क्वचित एखादी धामण जन्मतःच रंगहीन असते. तिच्या कातडीत काळा रंग तयारच होत नाही, शरीर पांढरट-पिवळसर दिसते आणि डोळे लालसर. अशा धामणींच्या नोंदी आपल्या देशात झाल्या आहेत. लोक तिला ‘देवाचा साप’ म्हणून हार घालतात. ती धामणच असते.

या सर्व एकाच जातीच्या आहेत. त्यांच्यात रोटी-बेटी व्यवहार चालतो, असे म्हणू या. एकाच जातीत अशी निरनिराळी रूपे असतात, त्याला जीवशास्त्रात ‘बहुरूपता’ म्हणतात. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तिथेही हाच शब्द होता. एकाच घरातील भावंडांत एक गोरे, एक सावळे असते आणि तरी आडनाव एकच असते, तसेच हे आहे.

रंग का बदलतो?

सापाच्या कातडीत निरनिराळ्या रंगपेशी असतात. काहींत काळे-तपकिरी रंगद्रव्य असते, त्याला मेलॅनिन म्हणतात. आपल्या केसांचा काळेपणाही त्याचाच. काही पेशींत पिवळे रंगद्रव्य असते. काळे द्रव्य कमी आणि पिवळे जास्त असले तर धामण पिवळी दिसते, उलट झाले तर काळसर.

याशिवाय चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, प्रदेश. कोरड्या भागातील धामणी सहसा फिकट असतात. सह्याद्रीसारख्या दमट, दाट जंगलांत त्या गडद, कधी जवळजवळ काळ्या आढळतात. तुमचे कोकणातील नातेवाईक काळसर धामण सांगतात आणि तुम्ही इथे पिवळी पाहता, तेव्हा दोघांपैकी कोणी खोटे बोलत नसते.

दुसरी, वय. धामणीचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा जेमतेम फूट-सव्वा फूट असते. त्याच्या अंगाच्या पुढच्या भागावर फिकट आडवे पट्टे असतात. मोठे होताना ते पुसट होत जातात. पट्टे पाहून अनेक जण या पिल्लाला मण्यार समजतात.

तिसरी, कात. कात टाकण्यापूर्वी काही दिवस साप निस्तेज, धुरकट दिसतो आणि डोळ्यांवर निळसर पांढरी छटा येते. कात टाकल्यावर तोच साप नव्या नाण्यासारखा चकाकतो. त्याच सापाला आज पाहणारा ‘राखाडी’ म्हणेल आणि पुढच्या आठवड्यात पाहणारा ‘पिवळा’.

चौथी, आपली काळी माती आणि प्रकाश. माळव्याच्या चिखलातून निघालेला कोणताही साप काळाच दिसतो. तिन्हीसांजेला झुडपाखाली पिवळादेखील काळा दिसतो.

आता सांगा, ज्या खुणेवर प्रदेश, वय, कात, चिखल आणि संध्याकाळ या पाचांचा परिणाम होतो, त्या खुणेवर भरवसा ठेवता येईल का?

मग ओळखायचे कशावरून?

वर्णन करताना ‘लक्षण’ त्यालाच म्हणावे, जे त्या जातीच्या बहुतेक सर्व प्राण्यांत टिकून राहते. धामणीची टिकाऊ लक्षणे अशी :

१. ओठांवरच्या काळ्या रेघा. धामणीच्या ओठांवर मोठे फिकट खवले असतात आणि दोन खवल्यांच्या मध्ये उभी काळी रेघ असते, जणू कोणी पेनाने आखली आहे. पिवळ्या आणि तपकिरी धामणीत या रेघा स्पष्ट दिसतात. फार काळसर धामणीत त्या शोधाव्या लागतात.

२. मोठे डोळे. डोळे डोक्याच्या मानाने मोठे, बाहुली गोल. धामण दिवसा हिंडणारी आहे आणि पाहून शिकार करते.

३. मानेपेक्षा वेगळे दिसणारे लांबट डोके. मान सडपातळ, त्यामुळे डोके उठून दिसते.

४. मागच्या भागावरची काळी जाळी. शरीराच्या मागच्या अर्ध्या भागावर आणि शेपटीवर खवल्यांच्या कडा काळ्या असतात. त्यामुळे तुटक आडव्या पट्ट्यांसारखी किंवा जाळीसारखी नक्षी दिसते. पुढचा भाग साधा आणि मागचा नक्षीचा, ही धामणीची मोठी खूण आहे.

५. लांब शेपूट. एकूण लांबीच्या पाव भाग किंवा त्याहून थोडी जास्त लांबी शेपटीचीच असते. शेपूट हळूहळू निमुळती होत दोरीसारखी संपते.

६. एकंदर आकार. पूर्ण वाढलेली धामण पाच ते सात फूट असते, काही त्याहून मोठ्याही होतात. लांबीच्या मानाने अंग सडसडीत आणि चाल वेगवान.

यांपैकी एकाच लक्षणावर निर्णय करू नये. निदान तीन लक्षणे जुळावीत. गणितात उत्तर आल्यावर ताळा करतो, तसाच हा ताळा.

धामण आणि नाग

धामणीचा मुख्य घोळ नागाशी होतो. दोघांचे रंग पिवळसर, तपकिरी, काळे असेच असतात. लांबीही पाच-सहा फुटांच्या आसपास जुळते. दोघेही उंदरांच्या मागे घरात, गोठ्यात, कोठीत येतात. ‘फणा नाही म्हणजे धामण’ असे पुष्कळ लोक मानतात, पण ही समजूत जिवावर बेतू शकते. नाग चोवीस तास फणा काढून बसत नाही. शांतपणे सरपटणाऱ्या नागाची मान इतर कोणत्याही सापासारखीच दिसते आणि फणेवरचा दहाचा आकडाही तेव्हा मिटलेला असतो. काही नागांना तो आकडा मुळातच नसतो.

फरक असे पाहावेत :

डोके : धामणीचे लांबट आणि मानेपासून वेगळे. नागाचे रुंदसर आणि मानेपासून फारसे वेगळे नाही.

डोळा : धामणीचा मोठा. नागाचा त्या मानाने लहान.

ओठ : धामणीच्या ओठांवर उभ्या काळ्या रेघा. नागाच्या ओठांवर अशी रांग नसते, डोळ्याखाली एखादा गडद ठिपका असू शकतो.

गळ्याची खालची बाजू : नागाच्या गळ्याखाली रुंद काळसर आडवे पट्टे असतात. धामणीला असे रुंद पट्टे नसतात.

शेपूट : धामणीची लांब आणि दोरीसारखी. नागाची तुलनेने आखूड.

चिडल्यावर : हा फरक नीट समजून घ्या. नाग मानेच्या बरगड्या दोन्ही बाजूंना पसरतो, त्यामुळे मान रुंद होते आणि समोरून सूप धरल्यासारखी दिसते. धामण मान फुगवते ती उभी, म्हणजे बाजूने पाहिल्यास जाड दिसते, समोरून अरुंदच राहते. त्याच वेळी ती घशातून गुरगुरल्यासारखा आवाज काढते. फुगलेली मान आणि हा आवाज यांनीच लोक घाबरतात आणि ‘नाग, नाग’ म्हणून ओरडा होतो. बिचारी धामण आपला बचाव करायला जाते आणि तेच सोंग तिच्या जिवावर उठते.

झाडावर कशी चढते?

धामण हरणटोळाप्रमाणे सारे आयुष्य झाडावर काढणारा साप नाही. ती जमिनीवर, बिळात, पाण्यात आणि झाडावर सगळीकडे वावरते. पण चढण्यात ती पटाईत आहे. पक्षी, त्यांची अंडी आणि पिल्ले यांसाठी ती चढते, तसेच माणूस किंवा मुंगूस मागे लागले तरी चढते.

हात-पाय नसताना चढायचे कसे? सापाच्या पोटाखाली रुंद आडवे खवले असतात. धामणीत ते सुमारे दोनशे असतात आणि साधारणपणे प्रत्येक खवल्यामागे एक मणका व बरगड्यांची एक जोडी असते. या खवल्यांच्या कडा सालीच्या खाचांत अडकतात. शरीराचा मागचा भाग आवळून घट्ट धरायचा, पुढचा लांब करायचा, मग पुढच्याने धरून मागचा ओढून घ्यायचा. वाद्याच्या भात्यासारखी ही हालचाल आहे. लांब शेपूट फांदीला विळखा घालून आधार देते. म्हणूनच खरबरीत सालीच्या कडुनिंबावर धामण सहज चढते, पण गुळगुळीत निलगिरीवर तिला कष्ट पडतात.

आपल्या शाळेमागच्या कडुनिंबावर यंदा जुलैमध्ये एक साप दिसला होता, हे सर्वांना माहीत आहेच. खाली उभ्या असलेल्यांत दोन तट पडले. काळा दिसतो म्हणून नाग, असे एकांचे म्हणणे. नाग झाडावर चढत नाही म्हणून धामण, असे दुसऱ्यांचे. दोन्ही युक्तिवाद कच्चे होते. रंगावरून नाग ठरत नाही हे आपण पाहिले, आणि नागही वेळप्रसंगी झाडावर चढतो. तो साप खाली उतरताना शेपटीवरची काळी जाळी आणि ओठांच्या रेघा दिसल्या, तेव्हा ती धामण असल्याची खात्री झाली. निष्कर्ष दुसऱ्या तटाचा बरोबर निघाला, पण कारण चुकीचे होते. परीक्षेत अशा उत्तराला मी अर्धेच गुण देतो.

कात वाचू या

जिवंत सापाजवळ जाणे धोक्याचे आहे, आणि तशी परवानगी कोणालाही नाही. पण सापाची कात हे उत्तम अभ्यासाचे साधन आहे. कुंपणाच्या दगडांत, लाकडांच्या ढिगाजवळ ती सापडते. मात्र दगडात हात घालू नका. दिसली तर शिक्षकांना सांगा, मोठी माणसे काठीने ओढून काढतील.

कातेवर रंग जवळजवळ उरतच नाही, फक्त खवल्यांची रचना राहते. म्हणजे ज्याने फसगत होते ते गेले आणि ज्याने ओळख पटते ते राहिले! कात ओली करून कागदावर पसरा आणि असे पाहा :

(अ) शरीराच्या मध्यभागी, पोटाचे रुंद खवले सोडून, तिरक्या रेषेत खवल्यांच्या रांगा मोजा. धामणीत त्या सोळा किंवा सतरा असतात. नागात एकवीस किंवा अधिक.

(आ) शेपटीखालच्या खवल्यांच्या जोड्या मोजा. धामणीत त्या शंभराच्या आसपास किंवा त्याहून बऱ्याच जास्त असतात. नागात साधारण पन्नास ते पंचाहत्तर. लांब आणि आखूड शेपटीचा फरक इथे आकड्यांत दिसतो.

(इ) डोक्याची कात शाबूत असेल तर नाकपुडी आणि डोळा यांच्यामधले खवले भिंगातून पाहा. धामणीत तिथे सहसा तीन छोटे खवले असतात, त्यांना ‘लोरियल’ म्हणतात. नागात लोरियल खवला नसतोच. नागाच्या वरच्या ओठाचा तिसरा खवला मोठा असून नाकाच्या खवल्याला आणि डोळ्याला, दोन्हींना टेकतो.

हिंदीच्या पुस्तकांत खवल्याला ‘शल्क’ म्हणतात. शब्द कोणताही असो, मोजणी बदलत नाही. हे लक्षात असू द्या की सतरा रांगा असणारे दुसरेही साप आहेत. मण्यारीतही पंधरा किंवा सतरा रांगा असतात. पण तिच्या पाठीच्या मधल्या रांगेतील खवले मोठे आणि षटकोनी असतात. म्हणजे इथेही एकाच आकड्यावर विसंबायचे नाही. आणि कात नेहमी सापापेक्षा लांब भरते, कारण ती निघताना ताणली जाते. आठ फुटांची कात सापडली म्हणून आठ फुटांचा साप, असे नव्हे.

काही गैरसमज

‘धामण ही नागाची मादी आहे.’ मराठीत धामण स्त्रीलिंगी आणि नाग पुल्लिंगी. त्यातून ही जोडी लोकांनी लावून दिली. मुंगी स्त्रीलिंगी म्हणून मुंगळ्यांशिवाय मुंग्यांत नर नाहीत, असे आपण म्हणत नाही! धामणीत नर आणि मादी दोन्ही असतात, नागातही असतात. दोन्ही वेगळ्या कुळांतील साप आहेत.

‘दोन साप उभे राहून नाचतात तो नर-मादीचा नाच.’ उन्हाळ्याच्या शेवटी दोन धामणी एकमेकींना विळखे घालून, मान उंच करून डोलताना दिसतात. हे सहसा दोन नर असतात आणि ती कुस्ती असते. जो दुसऱ्याला खाली दाबतो तो जिंकतो. कोणी कोणाला चावत नाही. लोक त्यांच्यावर नवे कापड टाकतात आणि ते शुभ मानून जपून ठेवतात. कुस्ती पाहायची असेल तर लांबून पाहावी, कापड घरीच ठेवावे.

‘धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते.’ दूध ओढायला मऊ ओठ आणि गाल लागतात, ते सापाला नसतात. त्याचे दात मागे वळलेले आणि टोकदार असतात. ते लागले तर गाय लाथ मारल्याशिवाय राहील का? गोठ्यात धामण येते ती उंदरांसाठी.

‘धामणीच्या शेपटीत विष असते.’ शेपटीत ना विष ना काटा. पकडलेली धामण शेपूट जोरात आपटते, तिचा फटका बसतो, एवढेच.

धामण खाते काय?

उंदीर, घुशीची पिल्ले, बेडूक, सरडे, पक्षी, अंडी. ती विळखा घालून आवळत नाही. शिकार जमिनीवर किंवा बिळाच्या भिंतीवर अंगाने दाबून धरते आणि गिळते. उंदराच्या बिळात मांजर शिरू शकत नाही, धामण शिरते. सोयाबीन आणि गहू पिकवणाऱ्या आपल्या माळव्यात शेतकऱ्याचा असा बिनपगारी राखणदार दुसरा नाही. मादी एका वेळी सहसा सहा ते पंधरा अंडी घालते आणि सुमारे दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात. एक धामण मारली की तिच्या वाट्याचे उंदीर कोठीत वाढतात, आणि उंदरांच्या मागे नाग व मण्यारही येतात. धामण मारून विषारी साप कमी होत नाहीत, उलट त्यांच्यासाठी जेवण वाढून ठेवले जाते.

पालक आणि विश्वस्त मंडळासाठी

कडुनिंबावर साप दिसल्यानंतर काही पालकांनी झाड तोडण्याची लेखी मागणी केली. त्यांची काळजी मी समजतो. मुलांच्या जिवापेक्षा कोणतेही झाड मोठे नाही. आणि सर्पदंश हा किरकोळ विषय नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने गेली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. ज्या राज्यांत हे प्रमाण मोठे आहे, त्यांत आपला मध्य प्रदेशही आहे. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती योजना जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

पण झाड तोडून मुले सुरक्षित होणार नाहीत. साप झाडासाठी येत नाही, भक्ष्यासाठी आणि आडोशासाठी येतो. म्हणून माझी विश्वस्त मंडळाला विनंती आहे :

१. छपराला टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात, झाड ठेवावे.
२. मागच्या भिंतीजवळची तुटकी बाके, विटा आणि फरशीचे तुकडे हलवावेत.
३. धान्याच्या खोलीच्या दाराखालची फट बुजवावी, डब्यांतील उष्टे रोज उचलले जावे.
४. स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा लावावा.
५. प्रशिक्षित सर्पमित्राचा आणि वन विभागाचा दूरध्वनी क्रमांक कार्यालयात मोठ्या अक्षरांत लावावा.

कायदाही माहीत असावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार साप मारणे, पकडणे, बाळगणे गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर धामणीला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत स्थान मिळाले आहे.

ओळख कशासाठी?

विद्यार्थी मित्रांनो, आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हा पाठ वाचून कोणीही साप हाताळायला जाऊ नये. धामण ओळखता येते म्हणून तिला पकडणारा मुलगा एक दिवस काळ्या धामणीऐवजी नाग पकडेल. आपण ओळख शिकतो ती दोन कामांसाठी : निष्कारण साप मारला जाऊ नये, आणि घाबरून गोंधळ होऊ नये. ज्या सापाची खात्री नाही, तो विषारीच मानायचा. दहा-बारा फूट लांब राहायचे, त्याच्यावर नजर ठेवायची आणि मोठ्यांना बोलवायचे. वाट मोकळी मिळाली तर साप बहुधा स्वतःच निघून जातो.

धामण चावली तरी विषबाधा होत नाही. जखम साबणाने धुऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे लागते. पण चावलेला साप धामणच होता, हे ठरवणे डॉक्टरांवर सोडा. कोणताही साप चावला तर : धीर द्या, हालचाल करू देऊ नका, अंगठी-बांगड्या काढा, हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा आणि १०८ ची गाडी बोलवून सरळ मोठ्या रुग्णालयात न्या. आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, विष चोखू नका, झाडफुंकीत वेळ घालवू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही मुख्य विषारी सापांवर एकच प्रतिविष चालते. त्यामुळे साप मारून पिशवीत घालून नेण्याची काहीही गरज नाही.

स्वाध्याय

प्र. १. रिकाम्या जागा भरा :
(क) धामणीच्या शरीराच्या मध्यभागी खवल्यांच्या ______ किंवा ______ रांगा असतात.
(ख) धामण चिडल्यावर मान ______ फुगवते, नाग मान ______ पसरतो.

प्र. २. कारणे लिहा :
(क) एकच धामण दोन आठवड्यांत दोन रंगांची दिसू शकते.
(ख) फणा दिसला नाही म्हणून साप बिनविषारी आहे असे म्हणता येत नाही.
(ग) धामण गाईचे दूध पिऊ शकत नाही.

प्र. ३. तुमच्या शेजाऱ्याने सांगितले, “काळा होता, म्हणजे नागच.” त्यांना अधिक माहिती मिळवण्यासाठी तुम्ही कोणते चार प्रश्न विचाराल? मराठीत आणि हिंदीतही लिहा, म्हणजे गल्लीत सर्वांना विचारता येतील.

प्र. ४. आजी-आजोबांकडून धामणीविषयी ऐकलेली एक समजूत लिहून आणा. ती खरी की खोटी, हे या पाठाच्या आधारे तपासा. आजोबांशी वाद घालू नका, त्यांना पाठ वाचून दाखवा.

प्र. ५. उपक्रम : आपल्या घराभोवती उंदरांना आसरा देणाऱ्या जागांची यादी करा आणि येत्या रविवारी घरच्यांबरोबर त्यांतील एक तरी जागा साफ करा. काम करताना पायात बूट आणि हातात लांब काठी असू द्या. अहवाल वर्गशिक्षकांकडे द्यावा.

– प्राचार्य